रकाना सात

धर्मादाय कार्यालयातल्या बाईंनी फॉर्म पुढे सरकवला.
रकाना सात : संस्थेचा पूर्वेतिहास, थोडक्यात.
थोडक्यात म्हणजे किती, विचारलं.
त्यांनी चार बोटं आडवी ठेवली कागदावर.

चार बोटांत मग :
साखर पेठेतल्या नऊ विणकरांनी,
एका भडंगवाल्याने
आणि सायकल दुकानाच्या दस्तगीर नदाफाने
सन चोपन्नला काढला धोटा स्पोर्टिंग क्लब.
वर्गणी माणशी चार आणे.
दस्तगीरला माफ, कारण हवा तो भरायचा.
गोलकीपरही तोच, कारण
चेंडूची त्याला आधीपासून सवय होती.

(हे खोडलं. बाई म्हणतील, पुरावा?)

गोलचे खांब म्हणजे मोडक्या मागाचे बीम.
जाळं टाकाऊ सुताचं,
जॉबर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला तेवढ्यात आणलेलं.
शर्ट नापास टॉवेलांचे, शिवले यल्लूबाई म्याकलने,
पाठीवर नंबर बिडीच्या दोऱ्याने काढून.
धुतले की दोन किलोचे व्हायचे.
पण घाम पुसायला वेगळं काही लागत नसे.

पास तेलुगूत मागायचा.
शिवी कानडीत.
इतिवृत्त मराठीत, आमच्या वडिलांच्या अक्षरात,
प्रत्येक पानाच्या टोकाला श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न,
तळाला दोन रुपये चाळीस पैशांची तूट
जी एकसष्टपासून पानापानावर पुढे ओढली आहे.

घड्याळ कुणाकडेच नव्हतं.
गिरणीचा भोंगा झाला की सामना संपला,
मग चेंडू कुठेही असो.

अडुसष्टला रेल्वेच्या पोरांशी बरोबरी.
गुंडेटी नरसिमलूने मधल्या रेषेवरून लाथ मारली,
चेंडू वर गेला,
आणि भोंगा झाला.
मग चेंडू खाली आला, जाळ्यात.

गोल धरायचा की नाही?
यावर तीन सभा झाल्या.
एका सभेत खुर्ची मोडली (दुरुस्ती, पावणेदोन रुपये).
नरसिमलू कधीच काही बोलला नाही,
पाय पुढे करून बसायचा,
जणू पायालाच विचारा.
शेवटी वडिलांनी लिहिलं :
विषय पुढील सभेवर ठेवण्यात आला.

माझं सांगायचं तर मी राईट बॅक.
अठरा वर्षांत एक गोल,
तोही आपल्याच जाळ्यात.
त्याची नोंद मात्र ठळक आहे.

गिरणी बंद पडली
त्यानंतरच्या रविवारी होटगीच्या संघाशी खेळलो.
कुणी किती गोल केले ते आठवत नाही.
आठवतं ते एवढंच की
कधी थांबायचं ते कुणाला कळेना.
खेळत राहिलो.
चिमणीमागे ऊन गेलं,
चेंडू दिसेनासा झाला तेव्हा आवाजावर खेळलो,
मग धापांवर,
मग कुणीतरी हसलं की रडलं मैदानाच्या मध्ये,
आणि हळूहळू एकेक जण
चपला शोधायला लागला.

ती नोंदच नाही वहीत.
वडिलांनी पान कोरं सोडलं आहे,
तारीख तेवढी घातलेली.

पुढचं सगळ्यांसारखंच.
अर्धे भिवंडीला गेले, काही सुरतेला.
मैदानावर आधी दगड रोवले, मग प्लॉट पडले.
उरलेल्या तिरक्या तुकड्यात
घरकुलातल्या सात-आठ मुली खेळतात हल्ली.
परवा त्यातली एक, समीना नावाची, घरी आली.
क्लबाचं नाव वापरू का, म्हणाली,
स्पर्धेला नोंदणी नंबर लागतो.
म्हणून हा फॉर्म.

मी लिहिलं :
स्थापना १९५४. उद्देश : तरुणांत खिलाडूवृत्ती वाढवणे.
तीन बोटांतच मावलं.

'संस्था चालू आहे ना?' बाईंनी विचारलं.
चेंडू वर आहे अजून, असं काहीतरी तोंडाशी आलं,
पण मागे रांग होती.
'चालू,' म्हणालो.

रकाना आठ : जंगम मालमत्ता.
एक पंप.
सुई नाही.