बावन्न

कॅलेंडरच्या मागे जानेवारीत लिहिलं: बावन्न.
आठवड्याला एक, सातपूरची सेकंड शिफ्ट धरून.

मार्चअखेर नऊ झाली.
मग कुमुद कडलग हाती लागल्या
आणि हिशेब फिसकटला.
एकच कादंबरी चारदा वाचली
तर ती चार धरायची, की एक?

नोव्हेंबरात त्या दिसल्या, रविवार कारंजावर,
मेथीची जुडी उलटीपालटी करत, भाव पाडत.
(त्यांच्या कादंबरीतली बाई
कधीच घासाघीस करत नाही.)
मी गाडी बंद केली.
पानंच्या पानं पाठ होती,
तोंडातून निघालं:
‘बाई, पलीकडे दहाला आहे.’
‘हो का?’ म्हणाल्या,
आणि पलीकडे गेल्या.

डिसेंबर संपला एकवीसवर.
कॅलेंडर उतरवलं, बावन्न खोडलं नाही.
खाली लिहिलं फक्त:
मेथी, दहा रुपये.