आधी कोण आलं

नारीनच्या वर, जिथे डांबर संपतं
आणि नुसती चाकोरी उरते,
तिथल्या शाळेत मी पहिलीला शिकवते.
मुलं मला एजे म्हणतात.
मोठ्या बहिणीला एजे म्हणतात इथे, बाईंनाही एजेच.
घंटा वाजेपर्यंत मी सव्वीस जणांची बहीण.

खडू सर्दावला होता, फळ्यावर उमटेना,
म्हणून पिशवीच उपडी केली चटईवर.
मेंढीच्या घोट्याची हाडं, चुको,
ज्यांनी ही पोरं अंगणात डाव मांडतात तीच,
काही लाल रंगवलेली, काही उन्हाने पांढरी पडलेली.

चार लाल इकडे, तीन पांढरी तिकडे.
सरकवा एकत्र. किती?
सात.
आता आधी पांढरी, मग लाल. किती?
झानारबेक पुन्हा एकपासून मोजू लागला,
प्रत्येक हाडावर बोट टेकवत,
जणू मधल्यामध्ये एखादं पळालं असेल.
सात.
त्याला राग आला, कोणी फसवल्यासारखा.

मी म्हटलं, संध्याकाळी मेंढ्या वाडग्यात शिरतात ना?
काळ्या आधी शिरल्या काय, पांढऱ्या आधी शिरल्या काय,
कवाड लावलं की आकडा तोच.
नाहीतर तुझा आजा रात्रभर
पुढून मागून मोजत बसला असता.
"बसतोच तो," झानारबेक म्हणाला.

मग सगळ्यांनाच चेव आला.
चहा आणि दूध? आई म्हणते आधी दूध,
आत्या म्हणते आधी चहा,
गेल्या ईदपासून दोघी बोलत नाहीत.
मोजे आणि बूट?
मी म्हटलं, घालून बघा,
तर एरमेकने खरंच बुटावर मोजा चढवला
आणि वर्गभर घसरत हिंडला.
ती बेरीज नव्हे रे, मी ओरडले,
मोजा तर तोवर फाटला होता.

अकमारल कधी बोलत नाही.
ती चटईच्या कडेला बसते, शेगडीपासून लांब.
तिने दोन लाल उचलली, तीन पांढरी उचलली.
"आम्ही दोघी होतो, मी आणि आई.
ते तिघं होते.
आम्ही त्यांच्या घरी राहायला गेलो.
पाच."
बरोबर, मी म्हटलं.
"ते आमच्याकडे आले असते तर?"
तरी पाच.
तिने हाडं उलटी मांडली. मोजली. मान डोलावली.
"तरी पाच," ती म्हणाली,
"पण मग खिडकीजवळ मी झोपले असते."

शिकवायच्या पुस्तकात यापुढे एक चौकट आहे,
तिच्यात लिहिलंय: मुलांना नियम स्वतः सापडू द्या.
मी शेगडीत आणखी एक शेणी सारली.
दुसरं काही सुचेना.

तिलेक दोन ओळी मागे बसतो.
त्या तिघांपैकी सगळ्यात धाकटा.
कान लालभडक, नजर चटईवर.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
"खिडकीतून वारा येतो. फट आहे तिथे."
"माहीत आहे," अकमारल म्हणाली,
"शिट्टी वाजते रात्री."
"मी कापड कोंबतो त्यात."
"ते पडतं."
एवढंच. नंतर कोणीतरी शिंकलं
आणि घंटा झाली.

सगळी गेल्यावर मी हाडं गोळा केली.
सहा लाल, सहा पांढरी आणली होती घरून.
आधी लाल मोजली, मग पांढरी. अकरा.
मग पांढरी आधी, मग लाल.
अकरा.
नियम पक्का आहे,
हरवलेलंसुद्धा दोन्हीकडून तेवढंच हरवतं.

खिडकीतून पाहिलं तर
खालच्या वाटेने पोरं उतरत होती,
झानारबेक, एरमेक एका पायात मोजा नसलेला,
आणि बरीच मागे ती दोघं,
कधी तो पुढे, कधी ती,
बर्फ फार होता, नीट दिसलं नाही.