चवीपुरतं

या गावाचं नाव सूर.
मला गाता येत नाही, तरी इथे अकरा वर्षं झाली.
समुद्राचं मीठ काढायच्या कारखान्यात
दर चार तासांनी मी पाण्याचा नमुना घेतो,
क्षार मोजतो, वहीत आकडा लिहितो,
आणि मागच्या पानावर, कुणाला न सांगता,
माझाही.

सकाळी सहा. राग : दहापैकी तीन.
मेसमधला चहा पुन्हा गार.
दुपारी दोन : आठ.
धाकट्या भावाने माझ्या पैशांच्या गाडीला टेकून
फोटो टाकला, खाली लिहिलं, स्वकष्टाची.
रात्री दहा : आठच.
पंपाचा दाब बटण दाबलं की उतरतो.

शाळेच्या भिंतीवर निळ्या रंगात सहा शत्रू होते.
पाठक गुरुजी छडीने एकेकाची हजेरी घ्यायचे,
आणि क्रोधापाशी आले की
त्यांचाच आवाज पाटीसारखा फुटायचा.
मी तेव्हाच ठरवलं, आपण असं व्हायचं नाही.
आपण निर्मळ व्हायचं.

तर निर्मळ व्हायला बसलो.
आधी वाळूची गाळणी, मग बारीक गाळणी, मग ते पडदे
ज्यांतून पाणी जातं, मीठ अडतं,
तेही हवेच्या साठ पट दाबाखाली.
तसाच दाब दिला स्वतःला.
पहाटे उठलो, एकवेळ जेवलो,
साखर सोडली, बातम्या सोडल्या,
भावाशी बोलणं सोडलं
आणि त्याला क्षमा असं नाव दिलं.
व्हिडिओ कॉलवर वैजयंती म्हणाली, बरं नाही का?
म्हटलं, शांत आहे.
'शांत माणूस असा नसतो दिसत.
आवाज बंद केलेल्या टीव्हीसारखे दिसताय तुम्ही.'

खल्फान इथलाच. त्याचा आजा जहाजं बांधायचा,
हा पाण्याचं रसायन सांभाळतो.
एका रात्री चुनखडीची टाकी बंद पडली.
मी म्हटलं, राहू दे सकाळपर्यंत,
पाणी तर शुद्धच आहे.
तो हसला नाही. खाली घेऊन गेला,
एक कापलेला पाईप दाखवला,
आतून वाळवी लागल्यासारखा.
'हे मिठाचं काम नाही,' मोडक्या हिंदीत म्हणाला,
'हे एकदम साफ पाण्याचं.
ज्याच्यात काहीच नाही ते भुकेलं असतं, भाई.
भेटेल ते खातं. लोखंड खातं, सिमेंट खातं.
म्हणून आपण सगळं काढतो,
मग थोडं परत घालतो.'

थोडं म्हणजे किती?
'ते मोजायलाच तर पगार आहे तुला.'

आणि काढलेलं मीठ?
तेही जात नाही कुठे. समुद्रातच सोडतो,
दुप्पट खारट, पण लांब, पसरून, हळू.
एका जागी ओतलं तर तळाचं सगळं मरतं.

अकरा वर्षं ही नळी माझ्या समोरून जाते आहे.
आणि मी सख्ख्या भावाला पाण्यात पाहत होतो.
पाण्यात काय काय असतं
हे रोज लिहून ठेवणारा मी.

फजरची बांग झाली तेव्हा त्याला फोन लावला.
पसरून, हळू म्हटलं :
गाडी माझ्या पैशांची आहे. मला राग आलाय.
फोटो चांगला आलाय.
पलीकडे बराच वेळ पंखा वाजत राहिला.
मग तो म्हणाला, दादा, हप्ते मी भरतोय मार्चपासून.
ते मला माहीत नव्हतं.
मी विचारलंच नव्हतं, मी शांत होतो ना.

वहीत काय लिहावं सुचेना.
खल्फानने ग्लास पुढे केला, नव्या टाकीतलं.
प्यायलो. चव नाही म्हणावी, तर होती.
खाडीपलीकडे कुणीतरी
अर्ध्या बांधलेल्या होडीवर हातोडा मारत होतं.
सूर लागला असं नाही म्हणणार.
राग : चार, असं लिहिलं,
आणि पुढे पेन्सिलीने,
असू दे.