उणे तीन टँकर

माझं काम मोडायचं.
मंथन बांधतो, मी मोडते,
त्रिमूर्तीनगरात, टाईल्सच्या दुकानावरच्या खोलीत,
कूलरच्या वाळ्याचा ओला वास नाकात घेत.

नावाच्या रकान्यात मी नुसती मोकळी जागा भरते,
मग एकच टिंब,
मग आडनाव इतकं लांब
की चौकट फुटून शेजारच्या बटणावर सांडतं.
परवा मी उणे तीन टँकर मागितले.
त्यानं दिले.
वर नऊशे रुपये माझ्या खात्यात परत केले.
मंथन म्हणाला, "असं कोण मागते बे?"
मी म्हटलं, "मी."

मे महिना, पारा शेहेचाळीसवर.
टँकरच्या केबिनमध्ये जब्बारभाईंच्या हाती फोन दिला.
त्यांनी काचेवर तळहाताची सावली धरली,
डोळे बारीक केले.
"बेटी, याच्यात काही दिसूनच नाही राहिलं."
दोन आठवडे खपून निवडलेला फिकट निळा
उन्हानं एका मिनिटात खाल्ला.
बटण काळं केलं. मोठं केलं,
अंगठ्याएवढं,
ग्रीस लागलेल्या अंगठ्याएवढं.

दोनशे बारा चाचण्या, सगळ्या हिरव्या.
शुक्रवारी काही सोडू नये म्हणतात,
आम्ही गुरुवारी सोडलं,
तेही आधी एकट्या वाठोड्याच्या एका वस्तीपुरतं,
जुनं सगळं बाजूला जपून,
परतीची वाट उघडी ठेवून.

सोमवारी पहाटे पाणी आलं. वस्ती झोपेत होती.
मंगळवारी वस्ती जागी होती,
चाळीस ड्रम, बारा घागरी, लेकरांचा एक टब,
आणि पाणी नव्हतं.
दुरपताबाई नेवारेंचा फोन आला.
शिवी नाही, आरडाओरडा नाही.
"पोरी, मी साडेचारपासून उभी आहो.
तुमच्या त्या फोनात आज मंगळवारच आहे ना?"

"माझ्या मशीनवर तर बरोबर चालून राहिलं," मंथन.
त्याच्या मशीनवर अकरा वाजले होते.
अकराला सगळंच बरोबर चालतं.

लॉग उघडला.
तांदळातले खडे शोधावेत तशा ओळी सरकवत गेले.
चारशे सातव्या ओळीत सापडलं:
मंगळवार पहाटे पाच, असं बाईंनी भरलेलं
तिथं लिहिलं होतं
सोमवार, रात्री साडेअकरा.

आमचा सर्व्हर कुठल्याशा थंड देशात बसलेला,
त्याचं घड्याळ ग्रीनिचचं.
वाठोड्याची पहाट
त्याच्या लेखी अजून कालच.
साडेपाच तास.
साडेपाचनंतर जे उठतात
त्यांचा दिवस आणि त्याचा दिवस एकच.
आमच्या दोनशे बारा चाचण्या
साडेपाचनंतर उठणाऱ्या माणसांनी लिहिल्या होत्या.
त्यातल्या एकशे नव्वद मी.

उणे तीन सुचलं होतं मला.
पहाटे पाच नाही.

आधी सगळं मागे घेतलं.
मंथनचे हात दुरुस्तीला शिवशिवत होते,
मी म्हटलं, थांब, आधी चाचणी.
लिहिली. लाल झाली.
लाल बघून इतकं बरं
मला कधी वाटलं नव्हतं.
मग त्यानं एक ओळ बदलली. एकच.
चाचणीचं नाव मी ठेवलं: दुरपताबाई, पहाटे पाच.
नावं इंग्रजीत असावीत, तो म्हणाला.
असू देत, म्हटलं, बाकीची.

गुरुवारी चारचा गजर लावला,
स्कूटी काढली.
रिंगरोडवर वारा तेवढ्या वेळेलाही कोमटच.
मी सांगणार होते बरंच काही,
घड्याळाचं, त्या थंड देशाचं, माफीचं.
चार पंचावन्नला जब्बारभाईंचे दिवे वळणावर दिसले
आणि गल्लीत एकदम ड्रम सरकवल्याचा आवाज.
दुरपताबाईंनी मला एकदा वरून खाली पाहिलं,
पाईपचं तोंड माझ्या हातात दिलं.
"धर. वाकू देऊ नको."