काटा

डिचोलीत इनासच्या शेडाखाली
मी यादीच काढली खिशातून:
हॉर्सपॉवर किती, शून्य ते साठ किती सेकंदांत,
आणि शेवटी पळते किती.

इनासनं चिंधीला हात पुसले.
"काटो मोडला मरे. एकोणनव्वद सालापासून पस्तिसावर.
स्टँडवर उभी असली तरी पस्तीसच."

ही येझदी गुणाजी म्हांबऱ्यांची.
देवळादेवळांतल्या पेट्या दुरुस्त करायचे.
नार्वे, मये, सांखळी.
मागच्या सीटवर सुंभानं आवळलेली पेटी,
तिच्याखाली गोणपाट.
चाळिसाच्या वर गेलं की काळी दोनचा सूर उतरतो, म्हणायचे,
मग भजनी मंडळ रात्रभर खोकत बसतं.
म्हणून चाळीस.
गाडीची मर्यादा नव्हे ती, पेटीची.

मी घेतली. खोटं कशाला बोलू,
पहिल्याच रविवारी धारगळच्या नव्या रस्त्यावर पिळली.
आरसे इतके थरथरले
की मागे कोण राहिलं तेच दिसेना.
किती गेली? काट्याला विचारा.

परवा चोडणच्या फेरीत
शेजारी एक नवीकोरी, टाकीवर आकडा छापलेली.
पोरगा हेल्मेट काढून म्हणाला,
"अंकल, ही किती जाते?"
मी डायलकडे बोट केलं.
तो हसला. मीही.
दोघांचीही इंजिनं बंद,
मांडवी ओलांडत होतो
फेरीच्या चालीनं,
आणि सीटवर सुंभानं पाडलेल्या खाचेत
माझी डब्याची पिशवी
जराही कलंडली नाही.