खळं

शुक्रवारी संध्याकाळी मूत्रपिंडाचा तुकडा ठेवला,
नाण्याएवढा, आगरच्या थाळीवर.
झाकणावर पेन्सिलीने लिहिलं: ४१७, गाय, म्बारारा कत्तलखाना.
वाचायचं शनिवारी दुपारी.
शनिवारी मी रजा टाकली होती.

आमच्या कामात सगळं उलटं.
थाळीभर जंतूंची साय धरली
म्हणजे मांस चांगलं.
तुकड्याभोवती काहीच उगवलं नाही,
चंद्राला पडावं तसं नितळ खळं पडलं,
म्हणजे औषध अजून जागं आहे
मेलेल्या जनावरात.
नव्या पोरांना हे पटायला आठवडा लागतो.
स्वच्छ दिसतंय की, मॅडम, म्हणतात.

शनिवारी इबांडाला मावसबहिणीची पाठवणी.
केळीच्या पानात वाफवलेला मटोके,
शेंगदाण्याचा रस्सा,
आणि हंड्यातलं गाईचं मांस.
र्‍वाबुशोंगो काका स्वतः वाढत होते.
“माझ्याच कळपातली. बिहोगो. गडद तांबडी.
दोन शिंगांच्या मध्ये माणूस आडवा मावला असता.”
मी दोनदा घेतलं. हाड चोखलं.

सोमवारी झाकण काढलं.
पट्टी लावली: नऊ मिलिमीटर.
दाखल्यावर विकणाऱ्याचं नाव होतं.
ते वाचून मी आधी हात धुतले,
का, कोण जाणे.

“पाय सुजला होता,” काका फोनवर म्हणाले,
“दुकानदाराने बाटली दिली, मी टोचली.
सहाव्या दिवशी चालायला लागली.
चालणारी गाय म्हणजे बरी गाय.”
बाटलीवर अठ्ठावीस लिहिलंय, काका.
“अठ्ठावीस काय?”
दिवस. थांबायचे.
पलीकडे एक वासरू हंबरलं.
“पाठवणी थांबते का, क्योमुहेंडो?”
मग, आवाज उतरवून,
“एवढी चूक पोटात घाल.”

घातलीच आहे.
दोनशे माणसांनी, ताट पुढे करून.
पोरांनी तर भांडून.

फॉर्मवर नऊ लिहिलं.
‘मांसाची विल्हेवाट’ या रकान्यात लिहिलं: खाल्लं गेलं.
कोणी, ते तो रकाना विचारत नाही.
वाचायला उशीर का झाला, तेही नाही.

थाळी वाफेच्या भांड्यात टाकण्याआधी
एकदा खिडकीशी धरली.
तुकड्याभोवतीच्या त्या निर्मळ काचेतून
कत्तलखान्याचं फाटक दिसलं,
आणि ट्रकमधून उतरणारी,
एकमेकींच्या शिंगांत शिंगं अडकू नयेत म्हणून
मान तिरकी करून उभी
आजची खेप.