डाव्या खांबाजवळ

पहिल्या हिवाळ्यात तुम्ही मला एकतीस म्हणायचात.
एकतीस, पाय मीट. एकतीस, उशीर झाला.
माएल हे नाव तुमच्या वहीत होतं,
तोंडात नव्हतं.
जुन्या मुली सांगायच्या, गिलेन अशीच,
आधी आकडा शिकते, मग माणूस.

नोव्हेंबरात क्यूबेकच्या मुलींनी सहा गोल मारले.
तुम्ही मला बाकावर बसवलंत,
टोपी घालून, फाटकाची कडी उघड-बंद करायला,
आणि काहीच बोलला नाहीत.
बोलला असतात तर बरं झालं असतं,
शिवीवर निदान नाव-पत्ता असतो.

परतीची बस. शिकुतिमीपर्यंत अडीच तास जंगल,
मूसपासून सावध राहा सांगणाऱ्या पिवळ्या पाट्या,
फोनला रेंज नाही.
सगळ्या झोपल्यावर तुम्ही मागे आलात,
थर्मासच्या झाकणात वाटाण्याचं सूप ओतलंत.
"फटका यायच्या आधी तू डावा खांब स्टिकने दोनदा ठोकतेस.
घाबरलीस की तीनदा.
आज पहिल्याच मिनिटाला तीनदा ठोकलास."

हे माझं मलाच माहीत नव्हतं.
सूप फार खारट होतं. सगळं प्याले.

मग सुरळीत झालं, असं नाही.
फेब्रुवारीत भांडलो, कपडे बदलायच्या खोलीत, सगळ्यांसमोर,
नोएमीच्या गुडघ्यावरून.
डॉक्टर नको म्हणत होती,
तुम्ही म्हणालात, फक्त शेवटची वीस मिनिटं.
मी म्हणाले, नाही.
पॅड्स अर्धे बांधलेले, एका पायावर उभी राहून म्हणाले.
तुम्ही मार्करचं टोपण लावलंत.
नोएमी खेळली नाही.
हरलो.
तीन दिवस मी पुन्हा एकतीस.

चौथ्या दिवशी पहाटे रिंकवर मी एकटीच,
यंत्र नुकतंच फिरून गेलेलं, बर्फ अजून ओला.
तू आलीस,
स्केट्सच्या नाड्यांची गाठ दातांनी सोडवत,
पकांची बादली उपडी केलीस
आणि मारत राहिलीस एकेक,
पन्नाशीच्या खांद्याने, वाकडे,
दर चौथा मागच्या काचेवर.
मला हसू आलं. तुलाही, बहुतेक.

तुझं बरोबर होतं, असलं काही तू म्हणाली नाहीस.
एवढंच विचारलंस,
नोएमी कुबडीशिवाय चालते का आता?

म्हटलं, जिन्यावर धरावं लागतं.

मान हलवलीस. पुढचा पक ठेवलास.
मी खांब ठोकला.
तू थांबलीस, मोजायला.